तेवीस ग्रुप, सतरा वाचक

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी लिहिते हे पहिलं वर्षभर कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा लोक वैतागले.

२०२१ च्या लॉकडाऊनमध्ये मी प्रतिलिपी या गोष्टींच्या ॲपवर छोट्या गोष्टी टाकायला सुरुवात केली. पऱ्हाटी, रोही, सासूबाईंच्या म्हणी, असंच काहीबाही. वाचणारे पाच-सात जण, त्यात दोघी माझ्याच बहिणी. मग भाच्यानं सांगितलं, "मामी, लिंक टाकत जा ना ग्रुपवर!" झालं. फोनमध्ये होते नव्हते ते तेवीस ग्रुप मी एका बसणीत संपवले. माहेरचा, सासरचा, अंगणवाडीतल्या पालकांचा, बचत गटाचा, इतकंच काय, फवारणीच्या औषधांचे भाव येतात त्या ग्रुपवरसुद्धा. व्हॉट्सॲप एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करू देतं, त्यामुळे पाच-पाचच्या खेपा कराव्या लागल्या. वाचन किती वाढलं? सतरा. शिवाय बचत गटातल्या एका काकूंनी सगळ्यांसमोर सुनावलं, "बाई, हप्ता कोनं भरला थे दिसतच नाई, तुह्याच गोठी दिसतेत." त्यांचं खरंच होतं. मी लिंक पुसून टाकली आणि दोन महिने काही टाकलं नाही.

त्या दोन महिन्यांत एक साधी गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे लिंक कोणी दाबत नाही. दाबलं की पैसे कटतात, ही भीती पक्की बसली आहे. फोन चोवीस तास हातात असतो, पण जे समोर दिसतं तेच वाचलं जातं. म्हणून पोळ्याच्या वेळी मी झडत्यांवरचा, म्हणजे पोळ्यात म्हणतात त्या कवनांवरचा, अख्खा लेख मजकूर म्हणूनच टाकला, तोही पोळ्याच्या चार दिवस आधी, म्हणजे पोरांना झडत्या पाठ करायला मिळाव्यात. हा लेख सुटला! तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तो माझ्याकडेच परत आला, चांदूर रेल्वेच्या मावशीकडून. वर दोन बाणांची खूण होती. पाच किंवा जास्त वेळा पुढे-पुढे फिरलेल्या मजकुराला ती लागते, आणि मग तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. खाली नाव मात्र भलत्याच गृहस्थांचं. वर "साभार" लिहिण्याचे कष्टही त्यांनी घेतले नव्हते.

रात्रभर चिडचिड झाली. पण चोरीचा बंदोबस्त सापडला, आणि तो मला अजून आवडतो. शेवटी लिहिलेलं नाव बोटानं एका क्षणात पुसता येतं. गोष्टीच्या पोटातलं पुसायला अख्खा परिच्छेद बदलावा लागतो. सासूबाई मला नाव आणि गाव जोडून हाक मारतात, रागात असल्या की माहेरचं गाव. ती हाक मी प्रत्येक लेखात मध्येच कुठेतरी पेरते. तेव्हापासून निदान नाव फिरतं.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टची, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगळा पोचवणाऱ्या यादीची, गंमत वेगळीच. ग्रुपमध्ये कोणाला त्रास नको म्हणून १८० जणांची यादी केली. यादीत २५६ जण बसतात, जागा भरपूर होती. पण निरोप ज्यांच्याकडे आपला नंबर सेव्ह आहे त्यांनाच पोचतो, आणि अर्ध्या गावाकडे माझा नंबरच नव्हता, नवऱ्याचा होता! मग निंदणाला गेल्यावर, लग्नात, रेशनच्या रांगेत एकेका बाईला सांगितलं, "माहा नंबर टाकून घे वो, माह्या नावानं." प्रचाराचं याच्याइतकं उपयोगी काम मी दुसरं केलेलं नाही.

फेसबुकचे वाचक निराळे निघाले. तिथे गावातलं कोणी फारसं वाचत नव्हतं. वाचत होते चाकणला कंपनीत लागलेले, हिंजवडीत बसणारे, नागपूरला खोली करून राहणारे आपले पोट्टे. त्यांना लिंकचं भय नाही, पण वेळ नाही. "आणखी पहा"च्या आत जे दिसतं त्या दोन-तीन ओळींतच त्यांना पकडावं लागतं. आधी मी तिथे "नमस्कार मित्रांनो, आज एक नवीन लेख घेऊन आले आहे" असं लिहायची. आता थेट वऱ्हाडी वाक्य टाकते: "मामाजी म्हने, यंदा बैल नाई तं पोळा कायचा?" एवढं वाचून माणूस थांबतो. लिंक पहिल्या कमेंटमध्ये. फोटो आमच्याच वावरातला, नेटवरून उचललेला नाही. बोलून टाइप करते म्हणून हे वाक्य हातानं दुरुस्त करावं लागतं. फोनला "रायला" ऐकू येतं आणि तो "राहिला" लिहितो, शहाणा.

वेळेचं गणितही इथलंच आहे. सकाळी नऊला बाया कामावर, दुपारी कोणी फोन पाहत नाही. रात्री साडेआठला जेवणं आटोपतात, तेव्हा व्हॉट्सॲप. शेतातल्या पंपाची थ्री फेज लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात माणसं ओलिताला वावरात असतात. तेव्हा उलट चांगलं चालतं, धुऱ्यावर बसून करणार काय? स्टेटस चोवीस तासच टिकतं, म्हणून तेही रात्रीच ठेवते, म्हणजे दुसरी सकाळही मिळते. फेसबुकवर रविवारी. पोस्ट टाकल्यावर तासभर तिथेच थांबून प्रत्येकाला उत्तर देते. बाकी दिवस फोनकडे बघत नाही. मामाजींनी एकदा विचारलं होतं, "सूनबाई, दिवसभर काय चाळून रायली?" तेव्हापासून आठवड्याला दोन तास, बस्स.

इन्स्टाग्राम करून पाहिलं, जमलं नाही. २०२३ मध्ये व्हॉट्सॲपवर चॅनेल आलं, तेही उघडलं, पण तिथे लोक बोलत नाहीत, नुसता अंगठा दाखवतात. दोन्ही सोडले.

सध्या सोयाबीन सोंगणं चालू आहे, त्यामुळे काहीच टाकत नाही. हुरड्यावरचा एक लेख लिहून ठेवलाय. पुण्यातल्यांसाठी तो डिसेंबरात काढीन. गावातल्यांना पाठवू की नको, हे अजून ठरत नाही. इथे जवारी पेरतं कोण आता?