गाडी गहाण, टीव्हीवर साखरपुडा

२६ ऑगस्ट २०२५, मंगळवार. दुपारी एकच्या सुमारास गायिका टेलर स्विफ्ट आणि अमेरिकन फुटबॉलपटू ट्रॅव्हिस केल्सी यांनी साखरपुड्याचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले आणि आमच्या शाखेतलं काम काही मिनिटं अक्षरशः थांबलं. मी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका क्रेडिट युनियनमध्ये कर्ज विभागात काम करते. क्रेडिट युनियन म्हणजे साधारण आपली पतसंस्था. सभासदांचीच ठेव, सभासदांनाच कर्ज. बाहेर बसायच्या जागेत टीव्ही सतत चालू असतो, एरवी त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्या दिवशी मात्र काउंटरवरच्या दोघी मान वळवून बघत होत्या, रांगेतली माणसं फोन काढून फोटो मोठा करत होती आणि अंगठीच्या किमतीवरून चर्चा रंगली होती.

मला अशा गप्पा आवडतात. सेलिब्रिटींच्या बातम्यांना नाकं मुरडणारे खूप भेटतात, पण कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग विचारा. समोरचा माणूस स्वतःच्या पैशाबद्दल अवाक्षर काढत नाही. दुसऱ्याच्या पैशाबद्दल मात्र भरभरून बोलतो, आणि बोलता बोलता कधी स्वतःवर येतो ते त्यालाही कळत नाही.

कॉलेज फुटबॉलचा हंगाम त्याच शनिवारी जोरात सुरू व्हायचा होता. त्यामुळे गप्पा अंगठीवरून केल्सीवर, केल्सीवरून फुटबॉलवर आणि तिथून थेट कॉलेजच्या पोरांच्या कमाईवर गेल्या. एक वयस्कर सभासद, फुटबॉलचे मोठे भक्त, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता ही कॉलेजची पोरंसुद्धा लखपती. आमच्या वेळी शिष्यवृत्ती मिळाली तरी लोक देवाचे आभार मानायचे."

त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. १ जुलै २०२१ पर्यंत कॉलेज खेळाडूला स्वतःचं नाव किंवा चेहरा वापरून जाहिरातीचे पैसे घ्यायला एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची, बंदी होती, ती त्या दिवशी उठली. पुढे ६ जून २०२५ ला, खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली आणि कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतील अशी वाट मोकळी झाली. पहिल्या वर्षी एका कॉलेजला जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. मथळ्यांत हाच आकडा येतो. त्यातला मोठा हिस्सा फुटबॉलला आणि बास्केटबॉलला जातो, हे मथळ्यात मावत नाही.

हे सगळं चालू असताना कोपऱ्यातल्या खुर्चीत एक मुलगा बसला होता. उंच, खांदे रुंद, अंगात कॉलेजच्या बेसबॉल संघाचा धुवून धुवून विटलेला टी-शर्ट. (ओळख पटेल असे काही तपशील मी इथे बदलले आहेत.) तो हसत नव्हता, टीव्हीकडेही बघत नव्हता. काउंटरवरून त्याला माझ्याकडे पाठवलं, कारण त्याला खातं बंद करायचं होतं. आजीने लहानपणी उघडून दिलेलं बचत खातं, शिल्लक २१२ डॉलर.

खातं बंद करताना कारण विचारायची आमच्याकडे पद्धत आहे. मी विचारलं. तो म्हणाला, "पैसे लागणार आहेत, मॅम." बस. पुढे गप्प. दक्षिणेतली मुलं फार अदबीने बोलतात, आणि ती अदब कधी कधी कडी लावलेल्या दारासारखी असते. मी फॉर्म भरता भरता सहज म्हटलं, "बाहेर काय गोंधळ चाललाय बघितलास? सगळ्यांना साखरपुड्याचं वेड लागलंय."

तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. "मॅम, केल्सीची पण शिष्यवृत्ती गेली होती. लोकांना ते माहीत नसतं."

हे खरं आहे. सिनसिनाटी विद्यापीठात असताना २०१० च्या हंगामात संघाचे नियम मोडल्याबद्दल केल्सीला बाहेर बसवलं होतं आणि त्याची शिष्यवृत्ती गेली होती. त्याचा थोरला भाऊ जेसन तर त्याच संघात शिष्यवृत्तीशिवाय आला होता. अशा खेळाडूंना इथे 'वॉक-ऑन' म्हणतात. पण मला त्या वाक्यातला 'पण' ऐकू आला. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुझीही गेली?"

मग सगळं बाहेर आलं. तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. बेसबॉलमध्ये कालपरवापर्यंत अख्ख्या संघात मिळून ११.७ शिष्यवृत्त्या असायच्या. त्या तुकड्या-तुकड्याने वाटल्या जात, आणि त्यातला एक तुकडा याच्या वाट्याला होता. नव्या तडजोडीत शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, तिच्या जागी संघातल्या माणसांची मर्यादा आली. बेसबॉलला ३४, आधी ४० असायचे. याचा अर्थ काही मुलं थेट बाहेर. मान्यता जूनमध्ये मिळाली, पण प्रशिक्षकांनी याद्या आधीच कापायला घेतल्या होत्या. याला मे महिन्यात हंगाम संपता संपता सांगितलं गेलं की पुढच्या वर्षी जागा नाही. अशा कापलेल्या खेळाडूंना मर्यादेबाहेर ठेवून परत घेण्याची सवलत नंतर मिळाली, पण घ्यायचं की नाही हे कॉलेजच्या मर्जीवर. याला फोन आला नाही.

बाहेर ज्या निर्णयामुळे पोरं लखपती झाली म्हणून चर्चा चालली होती, त्याच निर्णयाने हा रस्त्यावर आला होता. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

खेळाडूंसोबतची राहायची सोय गेली तेव्हा भाड्याच्या खोलीसाठी अनामत भरायला त्याने गाडी गहाण टाकली. १५ मे, १,५०० डॉलर. गाडी जुनी सेडान, बाजारात सहा हजारांच्या आसपास गेली असती. ती वापरायला त्याच्याकडेच. मालकीचा कागद, म्हणजे टायटल, आणि दुसरी किल्ली सावकाराकडे. त्याने खिशातून पावत्या काढल्या. थर्मल कागदाच्या, घामाने आणि उन्हाने इतक्या फिकट झालेल्या की आकडे वाचायला मला फोनचा दिवा तिरका धरावा लागला. १४ जून, ३७५. १४ जुलै, ३७५. १३ ऑगस्ट, ३७५. एकूण १,१२५ डॉलर भरून झाले होते आणि मुद्दल होतं तिथेच, १,५००. रात्री रेस्टॉरंटमध्ये भांडी विसळून तो हे भरत होता. खातं बंद करून मिळणारे २१२ डॉलरसुद्धा सप्टेंबरच्या हप्त्यातच जाणार होते.

याचं गणित जॉर्जियाबाहेरच्यांना खरं वाटत नाही. या राज्याने २००४ मध्ये पगारावर दिली जाणारी महागडी अल्पमुदतीची कर्जं बंद केली. पण गाडीवरचं कर्ज इथे गहाणवटीच्या कायद्याखाली येतं, आणि त्या कायद्यात पहिले ९० दिवस दर तीस दिवसांना २५ टक्के आकारता येतात. त्या दराने वर्षाचा हिशेब केला तर ३०० टक्के. ९० दिवसांनंतर तो दर तीस दिवसांना १२.५ टक्क्यांवर येतो. सैन्यातल्या माणसाला हेच कर्ज देऊन कुणी ३६ टक्क्यांच्या वर घेऊ शकत नाही, २००६ च्या केंद्रीय कायद्याने त्यांना संरक्षण आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ते नाही. केंद्रातल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०१६ मध्ये एकरकमी फेडीच्या अशा कर्जांचा अभ्यास केला होता. पाचातून चारपेक्षा जास्त कर्जं मुदतीच्या दिवशी फिटतच नाहीत, पुढे ढकलली जातात. आणि दर पाचात एका कर्जदाराची गाडी जाते. मला या धंद्याचा मनापासून राग आहे. त्याची कमाई मुद्दल न फिटण्यावर चालते.

आमच्यासारख्या फेडरल क्रेडिट युनियनकडे यासाठीच एक कर्ज आहे, पेडे अल्टर्नेटिव्ह लोन. २,००० डॉलरपर्यंत, जास्तीत जास्त १२ महिने, व्याज २८ टक्क्यांच्या वर नाही, अर्जाचा खर्च फार तर २० डॉलर. यात प्रत्येक हप्त्यात मुद्दल कमी झालंच पाहिजे आणि कर्ज पुढे ढकलता येत नाही. २८ टक्के काही स्वस्त नाहीत, मी कुणाला तसं भासवत नाही. पण ३०० च्या शेजारी ठेवून बघा. त्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या फोनवर होत्या, त्या आम्ही छापून घेतल्या. मॅनेजरबाईंनी दोन प्रश्न विचारून सही केली.

आता सावकाराकडून पूर्ण फेडीचा आकडा हवा होता. मुलाची परवानगी घेऊन मी स्पीकरवर फोन लावला.

"एक हजार आठशे पंचाहत्तर," पलीकडचा माणूस म्हणाला. आणि लगेच, "पण त्याला एवढे एकदम भरायची गरज नाही, नुसता महिन्याचा चार्ज भरला तरी चालेल."

मी पावत्या पुढे ओढल्या. "कर्ज १५ मेचं आहे ना?"

"हो."

"मग १३ ऑगस्टला ९० दिवस पूर्ण झाले. या महिन्याला साडेबारा टक्के लागतात, पंचवीस नाही."

"आमच्या सिस्टीममध्ये पंचवीस दिसतंय, मॅडम."

"मग ते मला तुमच्या लेटरहेडवर लिहून पाठवा, तारीख आणि दर दोन्ही घालून."

त्याने फोन होल्डवर टाकला. संगीत वाजत राहिलं. मुलगा माझ्या टेबलाच्या कडेला बोटाने एकच रेघ पुन्हा पुन्हा ओढत होता. बाहेर टीव्हीवर पुन्हा तीच अंगठी. बऱ्याच वेळाने माणूस परत आला. "एक हजार सहाशे सत्याऐंशी पन्नास."

१८७ डॉलर ५० सेंटचा फरक. रेस्टॉरंटमधल्या किती रात्री, ते त्याने मनातल्या मनात मोजलं असावं, कारण तो एकदम ताठ बसला. आकडा लेखी मागवला, तो ईमेलने आला. आम्ही १,७०० चं कर्ज मंजूर केलं. हप्ता महिन्याला सुमारे १६४ डॉलर, बारा महिने, मग संपलं. अख्ख्या वर्षाचं व्याज २७० च्या आत; तिकडे एका महिन्याचे ३७५ जात होते. सावकाराच्या नावाचा चेक हातात देताना मी त्याला तीन गोष्टी बजावल्या. चेक देण्याआधी टायटल समोर ठेवायला सांगायचं, त्यावरचा बोजा उतरवल्याची सही घ्यायची आणि दुसरी किल्ली मागायची. किल्ली लोक विसरतात.

बचत खातं बंद केलं नाही. ते २१२ डॉलर तिथेच आहेत.

निघताना त्या वयस्कर सभासदांनी त्याचा टी-शर्ट बघितला आणि उत्साहाने विचारलं, "काय, यंदा संघ कसा आहे?" तो म्हणाला, "पिचिंग चांगलं आहे, सर." आणि हात मिळवून गेला. त्याला संघाबद्दल कडवटपणा नव्हता. मला होता, खरं सांगायचं तर अजूनही आहे. पैसे मिळायलाच हवेत खेळाडूंना, त्यांच्या घामावर मैदानं भरतात. पण ज्या तडजोडीत कोटींची वाटणी इतकी काटेकोर मांडली, तिच्यात कापल्या जाणाऱ्या पोराला पुढच्या एका वर्षाचा तरी आधार देणं सक्तीचं करता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो टायटल आणि दोन्ही किल्ल्या दाखवायला आला, आणि येताना संघातून कापलेल्या दुसऱ्या एका मुलाला घेऊन आला. त्यानेही गाडी गहाण टाकली होती, ९०० डॉलरवर. दोन हप्ते चुकले आणि गाडी नेली गेली होती. मी त्याचे कागद नीट वाचले. सवलतीची मुदतही टळून गेलेली.

इतर बऱ्याच राज्यांत सावकाराने गाडी विकली तर कर्ज वळतं करून वरचे पैसे मालकाला परत द्यावे लागतात. जॉर्जियात ते बंधन नाही. मुदत टळली की गाडी सगळीच्या सगळी सावकाराची, मग कर्ज ९०० चं असो आणि गाडी पाच हजारांची. माझ्याकडे या मुलाला द्यायला कर्जाचं कुठलंच उत्तर नव्हतं. मी मोफत कायदा सल्ला केंद्राला फोन लावून त्याला वेळ घेऊन दिली, आणि कामावर जायला बस कुठून मिळते ते आम्ही तिघांनी मिळून नकाशावर शोधलं.

हे बंधन आणण्यासाठी, दर खाली आणण्यासाठी जॉर्जियाच्या विधानसभेत विधेयकं आली आणि रखडली. इथे मतदार असलेले मराठी लोक आता पुष्कळ आहेत. मी माझ्या आमदाराला पत्र लिहिलं आहे, त्या दोन्ही मुलांचे आकडे नाव न घेता त्यात घातले आहेत. तुम्हीही लिहा. आणि ओळखीतल्या कुणी गाडी गहाण टाकली असेल तर पुढच्या हप्त्याची तारीख यायच्या आत त्याला जवळच्या क्रेडिट युनियनमध्ये घेऊन जा. जाताना सगळ्या पावत्या न्या, पुसट झालेल्यासुद्धा.