स्टॉकहोम, आणि बुडालेली वासा

आज स्टॉकहोम. क्रूझवाल्यांनी संध्याकाळपर्यंतचाच वेळ दिला होता, त्यामुळे सगळं बघायचा अट्टाहास नको, जुनं शहर आणि वासा या बुडालेल्या स्वीडिश युद्धनौकेचं म्युझियम एवढंच नीट बघू असं आईबाबांशी रात्रीच ठरवलं होतं.

आधी गामला स्तान, म्हणजे जुनं शहर. दगडी गल्ल्या, पिवळ्या-केशरी भिंती, आणि एक गल्ली तर जेमतेम 90 सेंटीमीटर रुंद, समोरून कोणी आलं की आपण अंग चोरून उभं राहायचं. मधल्या चौकात लोक मजेत कॉफी पीत बसलेले असतात, पण 1520 च्या नोव्हेंबरमध्ये डॅनिश राजा ख्रिश्चन दुसरा याने इथेच ऐंशीच्या वर माणसांची मुंडकी उडवली होती, हे कळल्यावर मला तिथे बसवेना. आईने मात्र दालचिनीचा बन खाल्ला आणि तिला तो फार आवडला. इथे सगळीकडे कार्डच चालतं, कॅश कोणी घेतच नाही म्हटलं तरी चालेल.

मग फेरीने यूरगोर्डन बेटावर, वासाला. आत शिरलं की अंधुक उजेड, आणि समोर एकदम ते अख्खं 69 मीटरचं जहाज! मॉडेल नाही हं, खरं, आणि त्यातलं 98 टक्के लाकूड मूळचंच. 10 ऑगस्ट 1628 ला पहिल्याच सफरीला निघालं, दीडेक किलोमीटरही गेलं नसेल, वाऱ्याचा झोत आला, जहाज कललं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत घुसलं आणि किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत बुडालं. 1961 ला वर काढलं, आणि मग लाकूड वाळून तडकू नये म्हणून 17 वर्षं त्याच्यावर एक मेणासारखं रसायन फवारत होते. बाल्टिकचं पाणी कमी खारट, लाकूड पोखरणारे किडे त्यात जगत नाहीत, म्हणून 333 वर्षं पाण्याखाली राहूनही ते टिकलं.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते खाली, सांगाड्यांपाशी. एक सांगाडा कित्येक वर्षं पुरुषाचा समजत होते, 2023 मध्ये डीएनएवरून कळलं की ती बाई होती. कोण असेल, नवऱ्यासोबत चढली असेल का, असं काय काय डोक्यात येत राहिलं आणि डोळे भरून आले.

बाबांची आख्खी नोकरी बांधकामाच्या साइटवर गेली, ते दुसऱ्याच गोष्टीपाशी अडकले. जहाज निघायच्या आधी टेस्ट झाली होती, 30 खलाशांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळवलं, तिसऱ्याच खेपेला जहाज इतकं डोलायला लागलं की टेस्ट थांबवली. समोर अ‍ॅडमिरल हजर होता, तरी जहाज सोडलंच, कारण स्वीडनचा राजा गुस्ताव अडोल्फ तिकडे लढाईवर, त्याला जहाज लवकर हवं होतं. "वरून डेडलाइन आली की खालचा माणूस गप्प बसतो गं, मी बघितलंय," बाबा म्हणाले.

नंतर चौकशी झाली आणि त्यात कोणीच दोषी ठरलं नाही. जेवताना आमचा यावरच वाद, बाबा म्हणतात अ‍ॅडमिरलने अडवायला हवं होतं, तो जागेवर होता, त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. मला ते पटत नाही, ज्याच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती त्या राजाचीच ही चूक. आई म्हणाली, "दोघांचीही."