हातात एवढा भारी फोन असताना हे दुसरं कशाला?

मी मोबाईल गेम बनवतो, त्यावरच माझं घर चालतं. आणि माझ्या बॅगेत कायम निन्टेन्डो स्विच असतो, म्हणजे हातात धरून बटणांनी खेळायचं मशिन, ज्याला हँडहेल्ड म्हणतात. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की प्रश्न ठरलेला: "हातात एवढा भारी फोन असताना हे दुसरं कशाला?" मेव्हणा विचारतो, मुलाखतीला आलेली पोरं विचारतात, शेजारच्या सीटवरचा अनोळखी माणूससुद्धा विचारतो. आजवर "सवय आहे" म्हणून मी वेळ मारून नेली. यंदा दिवाळीच्या फराळाला मामेभावाने सगळ्यांदेखत हेच विचारलं आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं, "पैसे जास्त झालेत याला." ते लागलं. म्हणून आता नीट सांगतो.

आधी ताकदीचा विषय मिटवू. तिथे फोन जिंकलाय. २०२३ साली रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज आयफोन १५ प्रोवर आला. तो मुळात कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं मशिन) आणि पीसीसाठी बनलेला गेम. माझा स्विच २०१७ मध्ये बाजारात आला तेव्हाच त्यातली चिप जुनी होती, आणि त्याचा स्क्रीन ७२० पीचा. तेव्हा "अमुक फोनचा प्रोसेसर बघ" हे कृपा करून मला सांगू नका. माझं म्हणणं अंगठ्याबद्दल आहे.

बटणाला कड असते, उंची असते. दाबलं की खाली जातं, सोडलं की वर येतं. आपण कुठे आहोत हे अंगठ्याला न बघता कळतं. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोईंनी १९८२ साली डाँकी काँग या गेमच्या गेम अँड वॉच नावाच्या छोट्या मशिनवर अधिकच्या चिन्हासारखं एकच बटण बसवलं, तोच आजचा डी-पॅड. अंगठा उचलायचा नाही, नुसता कलवायचा, की दिशा बदलते. डोळे खेळावरून हलवावे लागत नाहीत. फोनच्या काचेवर बटणाचं फक्त चित्र असतं, आणि जिथे बघायचं तिथेच दाबायचं असतं. वाचायला हे सोपं वाटतं. मला ते कळायला एक अख्खा गेम खर्ची पडला, आणि एक मित्र.

२०१८ ची गोष्ट. पुण्यात कर्वेनगरला आमची छोटी टीम होती आणि आम्ही हिरकणीचा गेम बनवत होतो. गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. गडाचे दरवाजे बंद झालेले, खाली घरी तान्हं बाळ, आणि ती रायगडाचा कडा उतरून जाते. कल्पना होती आमच्यातल्या लेव्हल डिझायनरची, माझ्या कॉलेजपासूनच्या मित्राची. तो रायगडावर जाऊन हिरकणी बुरुजाच्या बाजूच्या कड्याचे फोटो काढून आला होता आणि त्यावरून एकेक खाच काढत होता. पहिला नमुना आम्ही कॉम्प्युटरला गेमपॅड लावून खेळायचो. डाव्या अंगठ्याने दिशा, उजव्याने उडी आणि पकड. पकडीचं बटण धरून ठेवलं की हिरकणी कपारीला लटकते, सोडलं की घसरते, आणि पुन्हा कधी धरता यावर सगळं. पुढची खाच अंधारात अर्धवटच दिसायची. पडलो तरी लगेच पुन्हा खेळावंसं वाटायचं, कारण आपलं कुठे चुकलं ते हाताला कळलेलं असायचं. ऑफिस बंद करायची वेळ उलटून गेली तरी पॅड कोणी खाली ठेवायचं नाही.

मग तो फोनवर चढवला. बनवत होतो तो फोनसाठीच. आपल्याकडे खेळणारा फोनवरच खेळतो. निन्टेन्डो तर इथे अधिकृतपणे आपली मशिन विकतही नाही. परदेशातून येणाऱ्या कुणाला तरी सांगावं लागतं, नाहीतर बाहेरून माल आणणारा दुकानदार गाठावा लागतो. पैसे लावणाऱ्यांनीही फोनवरच्या गेमसाठीच पैसे लावले होते.

गणपतीत एका सोसायटीच्या मांडवामागे टेबल टाकून आम्ही पोरांच्या हातात फोन दिले. त्यातला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही. गेम त्याला पटकन कळला. काय करायचं ते तो स्वतःशीच बोलून दाखवत होता, "आता डावीकडे, आता सोडायचं, आता धरायचं." आणि हिरकणी जागची हलत नव्हती. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होतो. सुरुवातीला तो बरोबर काचेवरच्या गोलावर होता. कडा अवघड झाला तसे त्याचे डोळे हिरकणीवर खिळले आणि अंगठा हळूहळू सरकत गोलाच्या बाहेर गेला. त्याला ते कळायला काही मार्गच नव्हता. तो दाबत होता, नख पांढरं पडेपर्यंत दाबत होता, आणि फोनच्या लेखी तिथे काहीच घडत नव्हतं. "काका, ही ऐकतच नाहीये," तो म्हणाला. खाली बघून त्याने अंगठा पुन्हा गोलावर आणला, तेवढ्यात ती पडली. मांडवात उकडत होतं, काच घामाने ओली झालेली. त्याने अंगठा शर्टाला पुसला, मग काच पुसली, पुन्हा सुरू केलं, आणि पुन्हा तेच झालं. शेवटी फोन टेबलावर ठेवून म्हणाला, "मला नाही येत."

येत होतं त्याला. अडचण काचेची होती आणि त्या पोराने ती स्वतःच्या माथी घेतली. हे मला आजही सहन होत नाही.

त्यानंतर आम्ही सुचेल ते करून पाहिलं. गोल मोठे केले, तर कडा झाकला जायला लागला. हा उतरण्याचा गेम. हिरकणीला जायचंय खाली आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांवर खेळणाऱ्याचे अंगठे. कॅमेरा लांब नेला तर खाचा दिसेनात. अंगठा टेकेल तिथेच जॉयस्टिक उमटेल असं केलं. डाव्या हाताचं त्याने बरंच भागलं, पण उजव्या अंगठ्याला उडी आणि पकड यांतला फरक तरी कळायला हवा ना! अंगठा बाहेर गेला की फोन थरथरेल अशी सोय केली. तोवर ती पडलेली असायची. पाय कडेवरून सुटल्यावरही पुढच्या काही फ्रेम (सेकंदाचा छोटासा भाग) उडी मान्य करायची, याला आमच्या धंद्यात कोयोटी टाइम म्हणतात. तो वाढवत वाढवत इतका नेला की हिरकणी हवेत चालताना दिसायला लागली. स्वस्त फोनवर स्पर्श नोंदवायलाच उशीर व्हायचा, ते वेगळंच.

मग पैसे लावणाऱ्यांबरोबर मीटिंग झाली. त्यांनी सुपर मारिओ रन समोर ठेवला. डिसेंबर २०१६ मध्ये निन्टेन्डोने मारिओला आयफोनवर आणलं, ते आपोआप पळणारा करून. खेळणाऱ्याने फक्त टॅप करून उडी मारायची, तीही एका हाताने. "लोकलमध्ये एक हात कडीला असतो," ते म्हणाले, "उरलेल्या हाताने खेळता आलं पाहिजे." मुद्दा खोटा नव्हता. मी हो म्हणालो. हिरकणी आपोआप उतरणार, आपण वेळेवर टॅप करायचं, वाटेत नाणी गोळा करायची.

मित्र मीटिंगमध्ये गप्प होता. जिन्यात आल्यावर म्हणाला, "अरे, तिने अंधारात हाताने चाचपत वाट काढली, हीच तर गोष्ट आहे. तेच काढलंस तर उरलं काय? नाणी?" मी म्हणालो, "मग सगळ्यांचे पगार कुठून देऊ?" तो म्हणाला, "माझा नको देऊस." महिनाअखेर तो गेला. गेम बाहेर आला, थोडे लोक खेळले, आणि बाकी हजारो गेमसारखा तोही स्टोअरच्या तळाशी गेला.

तो निर्णय मी आजही मागे घेत नाही. निन्टेन्डोसारख्या कंपनीने, जिने डी-पॅड जगाला दिला तिने, काचेवर आल्यावर मारिओच्या हातून चालणंच काढून घेतलं. आम्ही कोण लागून गेलो? पण म्हणूनच फोन आणि हँडहेल्डची बरोबरी झाली असं कोणी म्हटलं की मला राग येतो. फोनवर गेम बनवणारा प्रत्येक जण अंगठ्याची ती अडचण झाकायला गेममधून काहीतरी काढत असतो. खेळणाऱ्याला ते दिसत नाही, कारण काढलेलं दिसत नसतं.

इथे समोरून पबजी येतंच. ते बरोबरच आहे, कारण पबजी मोबाईलही २०१८ चाच, आणि मांडवातली तीच पोरं संध्याकाळी जिन्यात बसून काचेवरच्या अंगठ्यांनी ते खेळत होती. तेव्हा माझं उत्तर तयार असायचं: तिथे नेम धरायला गेम मदत करतो, पडलेल्या वस्तू आपोआप उचलल्या जातात, पाऊल जरा इकडेतिकडे पडलं तर जीव जात नाही. हे सगळं खरं आहे. पण पुढे एका कॉलेजच्या स्पर्धेत मी पोरांना जवळून बघितलं. दोन्ही तर्जनी वाकवून काचेच्या वरच्या कडेला, अंगठे खाली, असे चार बोटांनी खेळत होते. घामासाठी बोटांवर पातळ कापडी टोप्या. नेम तर बोटाने धरतच नव्हते, अख्खा फोन किंचित कलवून जायरोने, म्हणजे फोनचं कलणं ओळखणाऱ्या सेन्सरने, धरत होते. जॉयस्टिकवर मला ते सात जन्मात जमणार नाही. जायरो स्विचमध्येही आहे, ही पळवाट मला माहीत आहे, पण ती मी वापरणार नाही. त्या पोरांनी काचेवर एक कसब उभं केलं, हे निर्विवाद.

फक्त त्या कसबाचं काय झालं तेही बघा. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली. २०२१ मध्ये तेच बीजीएमआय या नव्या नावाने परतलं, जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेलं, मे २०२३ मध्ये पुन्हा आलं. प्रत्येक वेळी रात्रंदिवस सराव केलेली पोरं रिकाम्या हाताने बसलेली मी पाहिली आहेत. बंदी नसली तरी फोनवरचे गेम मरतात. २०१७ मध्ये आयफोनची नवी सिस्टिम आयओएस ११ आली आणि ३२ बिटवाले जुने गेम, जे कोणी सुधारले नाहीत, ते उघडायचेच बंद झाले. इन्फिनिटी ब्लेड हा खास काचेसाठी घडवलेला गेम, बोटाने तलवार फिरवायची. तो २०१८ मध्ये स्टोअरवरूनच काढला गेला. आमची टॅपवाली हिरकणी आज नव्या फोनवर चढत नाही. १९८९ चा गेम बॉय कुणी जपून ठेवला असेल तर चार पेन्सिल सेल घाला, टेट्रिस आजही सुरू होतो.

मला कोंडीत पकडणारे जुने सहकारी एक आठवण हमखास काढतात. २०११-१२ च्या सुमारास मीच सगळ्यांना सांगत फिरायचो की हँडहेल्ड संपले, आता सगळं फोनवर. हो, सांगायचो, आणि तेव्हा ते वेडेपणाचं नव्हतं. २०११ मध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस हा हँडहेल्ड २५,००० येनला आणला आणि अर्ध्या वर्षात १५,००० वर उतरवला. आधीचा डीएस १५.४ कोटी विकला गेला होता, थ्रीडीएस त्याच्या निम्म्यावर थांबला. सोनीने तर व्हिटा या आपल्या हँडहेल्डनंतर स्वतःच्या बळावर गेम चालवणारा नवा हँडहेल्ड आणलाच नाही. बस येईपर्यंत पाच मिनिटं खेळणारा माणूस फोनने नेला तो नेलाच. पण मग स्विच १५ कोटींच्या वर गेला, २०२२ मध्ये पीसीचे गेम चालवणारा स्टीम डेक हा हँडहेल्ड आला, ते कोण घेतंय? त्या सगळ्यांच्या खिशात फोन आहेच. म्हणजे एवढं तरी दिसतं की त्यांना जे हवंय ते फोन देत नाही. तेव्हाच्या मला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "कंट्रोलर जोड की फोनला." माझ्याकडे आहे, दोन्ही बाजूंनी फोन पकडणारा. छान चालतो. पण ते जोडलं की जिंकली बटणं. टचस्क्रीन जिंकला कुठे? आणि बनवणारा म्हणून मला तो गृहीत धरता येत नाही. शंभरातल्या कितीजणांकडे असेल? गेम काचेवर चाललाच पाहिजे, म्हणजे पुन्हा छाटणी आली.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. काचेसाठीच जन्मलेले गेम बटणांवर खेळायला मला आवडत नाहीत. २०१४ चं मॉन्युमेंट व्हॅली घ्या. इमारतीचा कोपरा बोटाने धरून फिरवायचा, आणि रस्ता जुळून येतो. तिथे बोट थेट वस्तूला लागलेलं असतं, मध्ये कोणी नाही. हेच डी-पॅडवर केलं तर त्यातली सगळी मजा जाईल. मी सध्या बनवतोय तो शब्दांचा गेमही असाच, एका बोटाचा, आणि त्यात मला काहीही छाटावं लागलेलं नाही.

मित्राशी आता फारसं बोलणं नाही, पण या विषयावर आमचे मेसेज चालू असतात. पॅडवाली मूळ हिरकणी अजून माझ्याकडे आहे. ती स्टीम डेकसाठी काढावी असं त्याचं म्हणणं. खेळायला ती तिथेच सुंदर होईल, हे मलाही मान्य. पण हिरकणीची गोष्ट ज्या पोरांची आहे त्यांच्या हातात स्टीम डेक कुठून येणार? त्यांच्याकडे घरातला एक फोन असतो, तोही आईने दिला तर. तो म्हणतो, काचेवरची हिरकणी होऊच शकत नाही. मी म्हणतो, आपण ती नीट शोधलीच नाही, गेमपॅडवरची उचलून काचेवर चिकटवली. त्यावर त्याने विचारलं, "मग पकड कशी देशील?" त्याला द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही.