फॉर्म 34सी आणि नैरोबीचं सुप्रीम कोर्ट

केनियाच्या संविधानाचं कलम 140 सांगतं, की अध्यक्षाच्या निवडीला आव्हान द्यायचं असेल तर निकाल जाहीर झाल्यापासून सात दिवसांत सुप्रीम कोर्टात याचिका दाखल करायची, आणि कोर्टानं पुढच्या चौदा दिवसांत निर्णय द्यायचा. मला हे कलम ऑगस्ट 2017 मध्ये कळलं, तेही छापखान्यात, झेरॉक्स मशीनच्या गरम ट्रेशेजारी.

नैरोबीच्या इंडस्ट्रियल एरियात माझा छापखाना आहे. रोजचं काम लेबलं, खोकी, बिलबुकं आणि चलनांचं. कोर्टाचं काम मधूनमधून येतं. 8 ऑगस्टला मतदान झालं. 11 तारखेच्या रात्री तेव्हाचेच अध्यक्ष उहुरू केन्याटा सुमारे 14 लाख मतांच्या फरकानं निवडून आल्याचं जाहीर झालं. हरलेले विरोधी नेते रायला ओडिंगा आधी कोर्टात जाणार नाही म्हणाले, मग जाणार म्हणाले. तोवर मुदतीतले बरेच दिवस सरले होते. 18 तारखेला, म्हणजे शेवटच्या दिवशी, एका वकिलाच्या ऑफिसातला पोरगा व्हॅन घेऊन दारात उभा राहिला. याचिकेला जोडायच्या प्रतिज्ञापत्रांचा एक भाग आमच्याकडे करायचा होता. बाकीचं काम आणखी कुठेकुठे चाललं असेल.

कागद झेरॉक्स करायचे आणि शिवायचे, एवढंच हे काम आहे असं बाहेरच्याला वाटतं. खरं काम पान क्रमांकांचं असतं. कोर्टात वकील उठून सांगतो, खंड अमुक, पान तमुक. एका प्रतीत एक पान दोनदा गेलं, की तिथून पुढे त्या न्यायमूर्तींसमोर वेगळंच पान उघडतं आणि वकिलाचा मुद्दा हवेत जातो. म्हणून आधी एकच संच पूर्ण लावायचा, हातातल्या नंबरिंग मशीननं आकडे मारायचे, आणि त्यानंतरच प्रती काढायच्या. जोडलेल्या प्रत्येक कागदावर शपथ देणाऱ्या कमिशनरचा शिक्का आणि सही लागते. ते नसलेलं पान दिसलं की मशीन थांबवून वकिलाला फोन लावायचा. ऐन मुदतीच्या दिवशी मशीन थांबवायला कुणी तयार नसतं. आम्ही थांबवली, आणि त्या पोराच्या शिव्याही खाल्ल्या. घाईचा आणि बेफिकिरीचा फरक वकिलांच्या ऑफिसांना कधी कळणार, देव जाणे.

त्या खोक्यांत फॉर्म 34ए च्या प्रती होत्या. देशात 40,883 मतदान केंद्रं होती आणि प्रत्येकाचा एक 34ए. केंद्राध्यक्षानं आठही उमेदवारांची मतं हातानं लिहायची, उमेदवारांच्या एजंटांनी सह्या करायच्या, एक प्रत केंद्राच्या दारावर डकवायची. त्यांची बेरीज मतदारसंघाच्या 34बी वर आणि त्या सगळ्यांची देशाच्या 34सी वर. आमच्या हातात आलेल्या प्रतींपैकी काही मोबाइलवर काढलेले फोटो होते, काही कार्बनच्या फिकट प्रती. एकीवर तर आकड्यांच्या रकान्याच्या मधोमध काळ्या शाईचा अख्खा अंगठा उठला होता. तेवढा भाग वाचता यावा म्हणून मी ते पान वेगवेगळ्या काळेपणावर काढून पाहत बसलो.

माझे वडील नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला तिला नुसतं 'प्रेस' म्हणतात. तिथं बिघडलेल्या कागदाचाही हिशोब द्यावा लागे. कागद हातात आला की आधी उजेडाला धरायचा, ही सवय मला त्यांच्याकडून लागली. वॉटरमार्क छापला जात नाही. कागद गिरणीत ओला असतानाच लगदा कमीजास्त दाबून तो आत बसवतात, त्यामुळे झेरॉक्समध्ये तो येत नाही. अनुक्रमांक लेटरप्रेसच्या नंबरिंग बॉक्सनं मारलेला असेल, तर मागच्या बाजूनं बोट फिरवल्यावर त्याचा उठाव जाणवतो. नैरोबीत खोट्या दाखल्यांचा विषय निघाला की लोक रिव्हर रोडचं नाव घेतात. तिथले कारागीर बरंच काही हुबेहूब करतात, पण कागदाच्या पोटातलं त्यांना जमत नाही. माझ्या धंद्यातला हा भाग मला मनापासून आवडतो.

आमच्या खोक्यांत सगळ्या प्रतीच असल्यानं उजेडाला धरण्यासारखं काही नव्हतं. अस्सल फॉर्म निवडणूक आयोगाकडे होते.

मशीनवर होता तो किसुमूचा, ओडिंगांचा कट्टर माणूस. बाइंडिंग करणाऱ्या मामा (इकडे वडीलधाऱ्या बाईला मामा म्हणतात) न्येरीच्या, म्हणजे केन्याटांच्या बाजूच्या. जानेवारी 2008 मध्ये आमचा छापखाना कितीतरी दिवस बंद होता, कारण माझी अर्धी माणसं उरलेल्या अर्ध्यांच्या वस्तीतून येऊ शकत नव्हती. डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतरच्या त्या दंगलींत अकराशेहून अधिक माणसं मेली. तेव्हाही ओडिंगाच हरल्याचं जाहीर झालं होतं आणि तेव्हा त्यांनी कोर्टात जायला नकार दिला होता. न्यायाधीश सरकारचेच आहेत, तिथं जाऊन काय मिळणार, असं त्यांचा पक्ष उघड म्हणत होता. त्यानंतर 2010 चं संविधान आलं, नवं सुप्रीम कोर्ट आलं, जुन्या न्यायाधीशांची छाननी झाली. 2013 मध्ये ओडिंगा कोर्टात हरले आणि त्यांनी ते मानलं. या वेळी किसुमूचा माणूस आणि न्येरीच्या मामा एकाच टेबलावर एकमेकांना पानं देत होते. बोलत नव्हते, पण पानं देत होते. खोकी व्हॅनमध्ये चढली तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. याचिका त्याच रात्री दाखल झाली.

पुढच्या आठवड्यात गणपती बसले. मंडळात आरती झाली की प्रसाद घेताघेता एकच विषय निघायचा. बहुतेकांचं म्हणणं होतं, की निरीक्षकांनी मतदान चांगलं झाल्याचं सांगितलंय, मतांचा फरक एवढा मोठा आहे, आता कोर्टबिर्ट पुरे, दुकानं उघडू द्या. महिन्यापूर्वीच सरकारनं आपल्याला, भारतीय वंशाच्या लोकांना, देशाची 44 वी जमात म्हणून मान्यता दिली होती, आणि त्याचा आनंद सगळ्यांना होता. मलाही होता. पण एकदा या देशातले झालात, तर इथलं कोर्ट म्हणजे गिऱ्हाईक अडवणारी नाकाबंदी नव्हे. दंगलीची भीती सगळ्यात आधी आपल्याच लोकांना वाटते, आणि ती टाळायची जी एक जागा देशानं उभी केली, तिला वेळखाऊ म्हणणारेही सगळ्यात आधी आपणच.

1 सप्टेंबरला छापखान्यात टीव्ही लावला. वकिलांच्या मागे फाइलींची चळत दिसत होती आणि मामा त्यांत आमच्या निळ्या टेपचे खंड शोधत होत्या. सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी निर्णय वाचला. चार विरुद्ध दोन मतांनी निवडणूक रद्द, साठ दिवसांत पुन्हा मतदान. सातवे न्यायमूर्ती आजारी होते. विरोधकाच्या याचिकेवरून अध्यक्षाची निवड कोर्टानं रद्द करणं आफ्रिकेत त्याआधी कधी घडलं नव्हतं. किसुमूवाला मशीन सोडून रस्त्यावर धावला. मामा टेपचा रोल हातात धरून बसून राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "निर्णय चुकलाय. पण पानं बरोबर होती ना, बॉस?" मी हो म्हणालो.

सविस्तर निकालपत्र 20 सप्टेंबरला आलं. ते मी धंद्यातल्या माणसाच्या नजरेनं वाचलं. आयोगाचे सर्व्हर तपासू द्या असा कोर्टाचा आदेश होता आणि आयोगानं तो पुरता पाळला नव्हता. मग रजिस्ट्रारच्या देखरेखीखाली अस्सल फॉर्म तपासले गेले. काही 34ए वर शिक्के नव्हते, काहींवर सह्या नव्हत्या, काही नुसत्या झेरॉक्स होत्या. अनेक 34बी वर वॉटरमार्क नव्हता, काहींवर अनुक्रमांक नव्हता. आणि ज्या कागदावरून अख्ख्या देशाचा अध्यक्ष जाहीर झाला, त्या 34सी वर ना वॉटरमार्क होता, ना अनुक्रमांक. ते परिच्छेद मी पुन्हापुन्हा वाचले. गणितात नुसतं उत्तर चालत नाही, रीत दाखवावी लागते, असं न्यायमूर्तींनी लिहिलं होतं. वडील असते तर त्यांना हे निकालपत्र वाचून दाखवलं असतं.

केन्याटांनी निर्णय पाळतो असं सांगितलं आणि त्याच दिवशी बाजारातल्या सभेत न्यायाधीशांना वकोरा, म्हणजे लफंगे, म्हटलं. पुन्हा निवडून आल्यावर या कोर्टाकडे बघून घेऊ, असंही सुनावलं. कोर्टाबाहेर निदर्शनं झाली. निर्णयावर टीका करावी, आमच्या मामाही करत होत्या, पण देशाच्या अध्यक्षानं न्यायाधीशांना सभेत शिवी घातली की गल्लीतल्या माणसाला मोकळीक मिळते, हे 2008 च्या दंगली डोळ्यांनी पाहिलेला माणूस म्हणून मी सांगतोय.

त्यानंतरचा 25 ऑक्टोबर डोक्यातून जात नाही. दुसऱ्या दिवशी फेरमतदान होतं आणि ते पुढे ढकलावं अशी काही नागरिकांची याचिका सुनावणीला होती. सरकारनं ऐनवेळी त्या दिवशी सुट्टी जाहीर केली, तरी मरागा यांनी कोर्ट भरवायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी उपसरन्यायाधीश फिलोमेना म्विलू यांच्या ड्रायव्हरला गोळी घातली गेली. कोर्टाला बसायला किमान पाच न्यायमूर्ती लागतात. आले दोन, मरागा आणि लेनाओला. म्विलू येऊ शकल्या नाहीत, एक उपचारांसाठी परदेशी, एकींना विमान मिळालं नाही, दोघांना येता आलं नाही. मरागा यांनी टीव्हीवर ते एकेक करून सांगितलं आणि सुनावणी झालीच नाही. वॉटरमार्क आहे की नाही, हे कागद उचलून कुणालाही दाखवता येतं. पण पाच न्यायमूर्ती का आले नाहीत, ते कोर्टाच्या कुठल्या रजिस्टरात शोधायचं? 26 तारखेला मतदान झालं, ओडिंगांनी बहिष्कार टाकला आणि केन्याटा 98 टक्के मतांनी निवडून आले.

2022 च्या निवडणुकीत आयोगानं सगळ्या 34ए फॉर्मच्या प्रती पोर्टलवर टाकल्या. 46,229 केंद्रं, आणि कुणीही घरबसल्या उघडून पाहावं. 2017 चा निकाल नसता तर ते झालं असतं असं मला वाटत नाही. किसुमूवाल्यानं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आपल्या गावच्या शाळेचा फॉर्म उघडला, मोठा करून सह्या एकेक वाचल्या आणि त्याची प्रिंट काढून घेतली. ओडिंगा त्याही वेळी हरले, कोर्टात गेले आणि 5 सप्टेंबरला याचिका एकमतानं फेटाळली गेली. त्या दिवशी तो कुणाशी धड बोलला नाही. प्लेट बदलताना मान वर न करता त्यानं मला एवढंच विचारलं, "आज सातही बसले होते ना?"

बसले होते. मी मोजले होते.