घाम, ताप, थंडी आणि कॅलरींचा हिशेब

अंग तापलं की चयापचय वाढतो, हे खरं आहे. किती वाढतो, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. त्यामुळे कुणी प्लास्टिकचा सूट घालून धावतं, कुणी सॉनात, म्हणजे खूप तापवलेल्या खोलीत, घाम गाळत बसतं, तर कुणी दिवसभर बर्फाचं पाणी पितं. थोडी आकडेमोड केली की यातल्या बहुतेक उपायांतून काय हाती लागतं ते कळतं.

शरीर जी ऊर्जा खर्च करतं ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येते, बाकीची उष्णता होते. म्हणजे व्यायामात अंग गरम होतं ते कॅलरी जळतात म्हणून. बाहेरून शेक दिला तर तेवढ्याच कॅलरी जळतील, असं उलटं गणित बसत नाही. उकाड्यात मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग, हायपोथॅलॅमस, त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतो आणि घाम सोडतो. दोन्ही कामं अतिशय स्वस्तात होतात.

घामाचा एक आकडा पुष्कळांना फसवतो. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी (बोलताना आपण हिलाच कॅलरी म्हणतो) उष्णता घेऊन जातो. पण ही बाहेर टाकलेली उष्णता आहे, जळालेलं इंधन नव्हे. तिच्यात उन्हातून आणि गरम हवेतून अंगात शिरलेली उष्णताही असते. निथळून खाली पडलेला घाम तर अंग थंडही करत नाही. सॉनातून बाहेर आल्यावर काटा अर्धा-एक किलो कमी दाखवतो ते पाणी असतं आणि पाणी प्यायल्यावर ते वजन परत येतं, यायलाच हवं.

प्लास्टिकच्या सुटाने उलट नुकसानच होतं. घाम वाळत नाही, आतलं तापमान चढत जातं, हृदय धडधडू लागतं आणि व्यायाम लवकर थांबवावा लागतो. म्हणजे एकूण कॅलरी कमीच जळतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर झटपट वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत वजन उतरवण्यासाठी असे सूट आणि सॉना वापरायला बंदी आली.

तापाची गोष्ट वेगळी. चयापचयाच्या रासायनिक क्रिया तापमानाबरोबर वेग घेतात. आतलं तापमान १ अंश सेल्सिअसने चढलं की विश्रांतीतला ऊर्जाखर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. एखाद्याचा हा खर्च दिवसाला १,४०० किलोकॅलरी असेल आणि ३९ अंश ताप दिवसभर राहिला, तर २८० ते ३६० किलोकॅलरी जास्त लागतात. ताप चढताना भरणाऱ्या हुडहुडीचा खर्च निराळा. ६० किलोचं शरीर १ अंशाने तापवायला जवळपास ५० किलोकॅलरी लागतात. ती उष्णता शरीर स्नायू थरथरवून तयार करतं आणि त्वचेकडचं रक्त आवरून आतच साठवतं. इतकं होऊनही चरबी उतरत नाही, कारण हालचाल बंद असते, भूक मेलेली असते आणि शरीर स्नायूंमधली प्रथिनं मोडून वापरत असतं. म्हणून तापात मुद्दाम उपाशी राहू नये. थोडं थोडं, पातळ, पचायला हलकं आणि प्रथिनं असलेलं पोटात जात राहू द्यावं. लघवी गडद होऊ लागली तर पाणी कमी पडतंय असं समजावं.

हेच प्रमाण सॉनाला लावून पाहा. २० मिनिटांत विश्रांतीचा खर्च होतो सुमारे २० किलोकॅलरी. आतलं तापमान अंशभर चढलं असं धरलं तरी त्यापायी वाढ होते दोन-तीन किलोकॅलरींची. हृदयाच्या वाढलेल्या ठोक्यांचा खर्च त्यात मिळवला तरी आकडा लहानच राहतो.

थंड पाण्याचा हिशेब तर आणखी सोपा. अर्धा लिटर पाणी ५ अंशांवरून ३७ अंशांवर न्यायला १६ किलोकॅलरी लागतात. त्यातलाही काही भाग एरवी वाया जाणाऱ्या उष्णतेतूनच भागतो.

थंडीने कुडकुडायला लागलं की मात्र खर्च खरोखर वाढतो, काही वेळापुरता विश्रांतीच्या पाचपटीपर्यंतही जातो. पण कुडकुडणं थकवतं, फार वेळ टिकत नाही, आणि मागाहून भूक खवळते. न कुडकुडता उष्णता तयार करणारी तपकिरी चरबी मोठ्या माणसांतही काम करते, हे २००९ साली स्कॅनच्या आधारे पक्कं झालं. ती मुख्यतः मानेत आणि गळपट्टीच्या हाडाच्या वर असते, पण असते थोडीच, आणि वय किंवा वजन वाढलं की कमी आढळते. तिच्या भरवशावर आहार ठरवू नये. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी एकदम गार पाण्यात उतरणं टाळावंच.

तपकिरी चरबी उष्णता तयार करण्याचं जे काम मोजून-मापून करते, तेच डायनायट्रोफिनॉल नावाचं रसायन सगळ्या पेशींत बेलगाम करतं. १९३० च्या दशकात ते वजन घटवण्यासाठी सर्रास विकलं गेलं. त्याने अंग आतून तापत जातं, माणसं मरतात आणि त्यावर उतारा नाही. ऑनलाइन ते आजही विकलं जातं. कुठल्याही मात्रेत घेऊ नका.

ठोके मोजणाऱ्या स्मार्ट घड्याळातला कॅलरींचा आकडाही उकाड्यात फुगतो. त्याच वेगाने धावलं तरी उष्णतेमुळे हृदयाचे ठोके वाढतात आणि घड्याळाला ते जास्त श्रम वाटतात. सपाटीवर धावताना वजनाच्या दर किलोला दर किलोमीटरमागे अंदाजे १ किलोकॅलरी लागते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५ किलोमीटरला ३००. अशा दिवशी हा ढोबळ हिशेब जास्त भरवशाचा.

खाणं फार तोडलं तर हात-पाय गार पडतात, सारखी थंडी वाजते. थायरॉइडच्या टी-३ संप्रेरकाची पातळी घटते आणि शरीर खर्च आवरतं घेतं. अशा वेळी शेक घेऊन किंवा जाड कपडे घालून चयापचय वाढत नाही, खाणं थोडं वाढवावं लागतं.

थर्मामीटरवरून चयापचय जोखायचा मोह होतो, पण पहाटे आणि संध्याकाळी सहज अर्ध्या अंशाचा फरक असतो. स्त्रियांमध्ये बीजविमोचनानंतर, म्हणजे अंडाशयातून बीज सुटल्यावर, पाळी येईपर्यंत तापमान ०.३ ते ०.५ अंशांनी वर राहतं. काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा कमी येतं. गरम किंवा गार काही प्यायल्यावर अर्धा तास थांबूनच तोंडात थर्मामीटर धरावा. एकदा ३६.३ दिसलं म्हणून चयापचय मंद ठरत नाही. सतत थंडी वाजणं, थकवा, बद्धकोष्ठता आणि कारण नसताना वाढणारं वजन एकत्र दिसलं, तर डॉक्टरांना विचारून रक्तातली टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणाऱ्या संप्रेरकाची पातळी) तपासून घ्यावी.