जास्वंदीची फांदी, काचेची नळी आणि हवेचा बुडबुडा

झाड पाणी किती वेगाने ओढतं हे मोजायला १ मिमी आतल्या व्यासाची काचेची केशनळी, तिच्यावर घट्ट बसणारा रबरी नळीचा बोटभर तुकडा आणि पेन्सिलीएवढी जाड जास्वंदीची फांदी मला पुरते. खरी कसोटी हवा आत शिरू न देण्याची.

फांदी ऊन चढण्याआधी तोडतो. दुपारी जलवाहिन्यांतलं पाणी इतकं ताणलेलं असतं की काप बसताच हवा आत ओढली जाते आणि पाण्याचा धागा तुटतो. म्हणून सकाळी तोडलेली फांदीही लगेच बादलीत बुडवायची आणि पाण्याखालीच धारदार ब्लेडने तोडलेल्या टोकाचा किमान ५ सेंमी तुकडा तिरपा कापून टाकायचा. कात्री नको, तिने वाहिन्या चेंगरतात. नळीत भरायचं पाणी उकळून, झाकून गार केलेलं असावं. नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा आत बुडबुडे धरते.

रबरी तुकड्याने फांदी नळीला जोडायची तीही पाण्याखालीच. मग पानं कोरडी करून सांध्यांवर व्हॅसलीन लावायचं. नळी उभी, खालचं टोक पेल्यातल्या पाण्यात. टोक क्षणभर बाहेर काढलं की थोडी हवा आत जाते. पुन्हा बुडवलं की बुडबुडा वर सरकू लागतो. पहिली १० मिनिटं सोडून द्यावीत, नंतर दर ५ मिनिटांनी नोंद. १ सेंमी म्हणजे साधारण ८ घनमिमी पाणी. बुडबुडा खाली यायला लागला तर सांध्यातून हवा शिरतेय, हे नक्की.

एप्रिलच्या दुपारी तो डोळ्यांदेखत चढतो. कोल्हापुरात जुलैची झड लागली की जेमतेम हलतो, कारण हवेतच इतकी वाफ असते की पानांतून पाणी बाहेर पडत नाही. पानांच्या खालच्या बाजूला व्हॅसलीन फासलं तरी वेग असाच घसरतो. वाफ बाहेर सोडणारी बारीक छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, तिथेच जास्त.

पहाटे उसाच्या पानांच्या टोकांवर दिसणारे थेंब मात्र मूळदाबाचे, म्हणजे मुळांनी खालून ढकललेल्या पाण्याचे. तोडलेल्या फांदीला मुळंच नाहीत, म्हणून नळीत दिसते ती निव्वळ पानांची ओढ. हवेचा दाब पाणी फार तर १० मीटर चढवतो, नारळ त्याहून उंच वाढतो. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून वर ओढले जातात, हे स्पष्टीकरण डिक्सन आणि जॉली या आयरिश शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये मांडलं.

एक पथ्य मी कटाक्षाने पाळतो: कोमेजलेल्या फांदीची नोंद घेत नाही. ती ओढलेलं पाणी आधी आपल्या पेशींत भरते, त्यामुळे तो आकडा बाष्पोत्सर्जनाचा, म्हणजे पानांतून वाफ होऊन गेलेल्या पाण्याचा, धरता येत नाही.