यवतेश्वरचा उतार

साताऱ्यात पहिली हाफ मॅरेथॉन धावणार असे सांगितले की भेटेल तो माणूस घाटाच्या चढाची धास्ती घालतो, उताराबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावून आल्यावर माझे मत असे झाले आहे की नवख्या माणसाने तयारी करायची ती उताराची. चढ आपली काळजी आपणच घेतो.

अंतर 21.0975 किलोमीटर. शहरातून समर्थ मंदिराच्या बाजूने रस्ता यवतेश्वरच्या घाटाला लागतो, कासच्या दिशेने जातो आणि वळून त्याच वाटेने खाली येतो. एकाच डोंगरावर सर्वाधिक धावपटू धावण्याचा गिनेस विक्रम 2015 साली याच शर्यतीच्या नावावर लागला होता, त्यामुळे गर्दी किती असते हे वेगळे सांगायला नको. चढताना ही गर्दी सोबतीची वाटते, उतरताना तिचाच अडथळा होतो.

चढावर धाप लागली की वेग आपोआप कमी होतो, आणि घाटात थोडे चालून घेतले म्हणून काही बिघडत नाही. चांगले सरावलेले लोकही चालताना दिसतात. परतीला मात्र श्वास मोकळा होतो, गार वारा लागतो, धुक्यातून मधूनच खाली शहर दिसते आणि आता सुटलो असे वाटून पाय सुसाट सुटतात. फसगत होते ती इथेच, कारण दम शाबूत असल्यामुळे पायांवर काय गुजरते आहे ते कळत नाही. चढताना मांडीचे स्नायू आखडून जोर लावतात, तर उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलून धरतात, म्हणजे प्रत्येक पावलाला ब्रेकचे काम करतात. या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणे त्याच दिवशी नव्हे, तर पुढच्या एक-दोन दिवसांत कळसाला पोचते.

घाटात माझ्या पुढे पिकल्या केसांचे एक गृहस्थ उतरत होते. आजूबाजूच्या बुटांचे ओल्या डांबरावर थापट्या मारल्यासारखे आवाज येत होते, यांच्या पावलांचा मात्र जवळजवळ आवाजच नव्हता. कोपरे किंचित बाहेर, पावले लहान आणि भराभर, अंग जरासे पुढे झुकलेले. मी मागोमाग येते आहे हे पाहून मान न वळवताच म्हणाले, “ताई, टाच आपटू नका. पाऊल पुढे फेकायचं नाही, अंगाखालीच पडू द्यायचं.” शर्यतीच्या दिवशी मिळालेला सल्ला सहसा निरुपयोगी असतो, असे माझे मत आहे, हा त्याला अपवाद ठरला.

सरावाला अजिंक्यताऱ्याचा रस्ता आपल्या दाराशी आहे. सकाळी तिथे जाणारे बहुतेक लोक चढताना घाम गाळतात आणि उतरताना गप्पा मारत चालतात. त्यांनी अधूनमधून तोच उतार हलक्या धावेने उतरावा. असा सराव एकदा झाला की पुढचे काही आठवडे स्नायू त्याच प्रकारच्या ताणाला पुष्कळ अधिक तोंड देतात. फक्त शेवटचा कडक उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी उरकावा, म्हणजे अंगदुखी घेऊन उभे राहावे लागत नाही.

घाट संपून पुन्हा शहरात शिरल्यावर सपाट रस्ताही चढासारखा वाटतो. ब्रेक लावून लावून थकलेल्या मांड्यांना आता पुन्हा पुढे ढकलायचे काम करावे लागते, म्हणून त्या शेवटच्या टप्प्यासाठी थोडी ताकद राखूनच घाट उतरावा. बुटांत बोटांपुढे अंगठाभर जागा असावी, घोट्यापाशी नाडी घट्ट बांधावी आणि नखे काही दिवस आधीच कापलेली असावीत; उतारावर बोटे बुटाच्या टोकाला सारखी धडकतात आणि काळे पडलेले नख बरेच महिने तसेच राहते.